जेन एअरचे दोन नकार

प्रेमकथा वाचून मुलींची डोकी फिरतात, अशी एक समजूत आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. मुलगी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली, की वडीलधाऱ्या मंडळींचे निम्मे लक्ष चुलीकडे आणि निम्मे त्या पुस्तकाकडे असते. ही काळजी अगदीच निराधार आहे, असे म्हणवत नाही. ज्या कथेतील नायिकेला झुरणे, आसवे गाळणे आणि शेवटच्या पानावर नायकाच्या खांद्यावर मान टाकणे याखेरीज दुसरा उद्योगच नसतो, ती कथा वाचून कोवळ्या मनाला कोणते बळ मिळणार? तथापि सगळ्याच प्रेमकथा एका माळेचे मणी नव्हेत. काही अशाही आहेत, की त्या आईने आधी स्वतः वाचाव्यात आणि मग मुलीच्या हाती द्याव्यात. त्यांतील एकीचा परिचय आज वाचक बंधुभगिनींना करून देण्याचा मानस आहे.

ही कादंबरी म्हणजे ‘जेन एअर’. १८४७ च्या ऑक्टोबर महिन्यात ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पुस्तकावर नाव होते ‘करर बेल’. हे नाव पुरुषाचे की स्त्रीचे, याचा कोणाला उलगडा होईना. खरी लेखिका होती शार्लट ब्राँटे, यॉर्कशायरमधील हॉवर्थ या गावच्या अँग्लिकन धर्मगुरूची कन्या. तिचा जन्म १८१६ चा. ती पाच वर्षांची असताना आई गेली. पुढे १८२५ साली, धर्मगुरूंच्या मुलींसाठी चालविलेल्या एका वसतिशाळेत आजारी पडून तिच्या दोन थोरल्या बहिणी दगावल्या. विसाव्या वर्षी तिने आपल्या कविता इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट सदी यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठविल्या, तेव्हा साहित्य हा काही स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, अशा आशयाचे उत्तर तिला मिळाले. हे १८३७ साल. दहाच वर्षांनी तिच्या लेखणीने सारे इंग्लंड जागे केले.

कथेची नायिका जेन ही अनाथ मुलगी. मामीच्या घरी ती आश्रिताचे जिणे जगते. मामेभाऊ तिला मारतो, आणि शिक्षा मात्र होते तिलाच. दहा वर्षांच्या त्या पोरीला एका ओसाड, लाल पडद्यांच्या खोलीत कोंडून ठेवतात. पुढे तिची रवानगी लोवुड नावाच्या वसतिशाळेत होते. तेथे पोटभर अन्न नाही, थंडीत पुरेसे पांघरूण नाही आणि उपदेशाला मात्र तोटा नाही. सहा वर्षे विद्यार्थिनी आणि दोन वर्षे शिक्षिका म्हणून तेथे काढल्यावर ती वर्तमानपत्रात स्वतःच जाहिरात देते आणि थॉर्नफील्ड नावाच्या वाड्यात गव्हर्नेसची नोकरी मिळविते. गव्हर्नेस म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकविणारी बाई. वाड्यात तिची जागा मोठी विचित्र. ती ना मालकांच्या पंक्तीची, ना नोकरांच्या. पगार वर्षाला ३० पौंड, म्हणजे लोवुडमधील पगाराच्या दुप्पट. शार्लटने स्वतः १८४१ साली हीच नोकरी केली, तेव्हा तिचा पगार नावाला २० पौंड होता आणि त्यातूनही धुलाईचे पैसे कापले जाऊन हाती १६ च पडत. कष्टाच्या पैशाची किंमत तिला पुस्तकातून कळलेली नव्हती.

वाड्याचे मालक मिस्टर रॉचेस्टर वयाने जेनपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, संपत्तीने कितीतरी पटींनी मोठे, आणि स्वभावाने तापट. जेन दिसायला साधी, अंगाने लहानखुरी. दोघांची मने जुळतात. येथवरची कथा नेहमीचीच वाटेल. परंतु एका संध्याकाळी बागेत, आपले लग्न दुसरीशी ठरल्याचे सोंग रॉचेस्टर करतात, तेव्हा ही पगारी शिक्षिका खाली मान घालून निघून जात नाही. आपण गरीब आणि रूपहीन असलो तरी आत्म्याने त्यांच्या बरोबरीच्या आहोत, देवापुढे दोघांची उंची एकच आहे, हे ती त्यांना तोंडावर सांगते. ते ऐकून रॉचेस्टर सोंग टाकतात आणि तिला मागणी घालतात. त्या काळच्या वाचकाला धक्का बसला तो येथे. प्रेमाची कबुली देताना स्त्रीने आपली पायरी विसरावी, हे त्याच्या अंगवळणी पडलेले नव्हते.

आता कथेतील एक लहानसा प्रसंग पाहू. पुष्कळ वाचक तो घाईने ओलांडून जातात. आमच्या मते मात्र साऱ्या कादंबरीची किल्ली त्यातच आहे. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर जेनला बाजारात नेतात आणि तिच्यापुढे रेशमी वस्त्रांचा व दागिन्यांचा ढीग घालू पाहतात. एखादी हरखून गेली असती. जेनला मात्र त्या मेहेरबानीने गुदमरल्यासारखे होते. भडक रेशीम नाकारून ती साधी, सौम्य रंगाची दोनच कापडे पत्करते. लग्नाच्या दिवसापर्यंत आपण पूर्वीसारखेच मुलीला शिकवू आणि आपल्या जेवणाखाण्याचा खर्च व पगार कष्टाने मिळवू, असे ती त्यांना बजावते. मडीरा बेटावर राहणाऱ्या आपल्या चुलत्याला ती पत्रही लिहिते. आपल्यालाही थोडेसे स्वतःचे असावे, नवऱ्याच्या घरी अगदी रित्या हाताने जाऊ नये, एवढाच तिचा हेतू.

त्या पत्राने काय घडविले? चुलत्याला ते मिळाले त्या सुमारास मेसन नावाचे एक गृहस्थ त्याच्याकडे मुक्कामाला होते. रॉचेस्टर हे नाव ऐकताच ते चमकले. कारण रॉचेस्टरांची पहिली बायको म्हणजे त्यांची सख्खी बहीण! पंधरा वर्षांपूर्वी जमेकात हे लग्न झाले होते. पुढे तिला वेड लागले आणि रॉचेस्टरांनी तिला वाड्याच्या वरच्या मजल्यावर गुप्तपणे कोंडून ठेवले होते. लग्नाच्या सकाळी चर्चमध्ये, या विवाहास कोणाची हरकत आहे काय, असे धर्मगुरू विचारतात, तेव्हा चुलत्याने पाठविलेला वकील पुढे होऊन लग्न थांबवितो. स्वाभिमानाने लिहिलेल्या एका पत्राने जेनला आयुष्यभराच्या फसवणुकीतून सोडविले. तिने पदरी पडेल ते निमूटपणे घेतले असते, तर हे संकट तिच्या गळ्यात कायमचे पडले असते. प्रेमात एवढा ताठा कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

यानंतर येतो जेनचा पहिला नकार. रॉचेस्टर तिला विनवितात: आपण दूर फ्रान्सच्या दक्षिणेला जाऊन राहू, तेथे आपल्याला ओळखणारे कोणी नाही, शिवाय तुला आई नाही, बाप नाही, तुझ्या वागण्याने कोणाची मान खाली जाणार आहे? भगिनींनो, हा युक्तिवाद वाटतो तितका दुबळा नाही. आपण पुष्कळदा चांगले वागतो ते लोक काय म्हणतील या धाकाने. जेनला तो धाक नाही, आणि समोरच्या माणसावर तिचे मनापासून प्रेम आहे. तरी ती ‘नाही’ म्हणते. मी एकटी आहे, मला कोणी नाही, म्हणूनच माझा मान मी अधिक राखला पाहिजे, असा तिचा विचार आहे. देवाने घातलेला नियम सोयीच्या दिवसासाठी नसतो, मोहाच्या घटकेसाठी असतो, हे ती जाणते. तिच्या ठायी स्वाभिमान आणि सदाचार ही दोन वेगळी वस्त्रे नाहीत. एकाच कापडाचे ते ताणे आणि बाणे आहेत.

या नकाराची किंमतही लेखिकेने लपविलेली नाही. पहाटे वाडा सोडताना जेनजवळ अवघे २० शिलिंग असतात. तेवढे घोडागाडीच्या भाड्यात जातात आणि कपड्यांचे गाठोडे गाडीतच राहून जाते. दोन दिवस ती माळावर भटकते. हातमोजे देऊन पावाचा तुकडा मागते, तर तोही मिळत नाही. अखेर डुकरासाठी टाकावयाची थंड लापशी ती खाते. सद्गुणाला लगेच बक्षीस देणाऱ्या कथा आपण पुष्कळ वाचतो. येथे बक्षीस नाही, भूक आहे. म्हणूनच हा नकार खरा वाटतो.

पुढे रिव्हर्स नावाच्या भावंडांच्या घरी तिला आसरा मिळतो. मॉर्टन या खेड्यात गरिबांच्या मुलींसाठी उघडलेल्या लहानशा शाळेची ती शिक्षिका होते. वीस मुली, त्यांतील तिघींना वाचता येते, लिहिता एकीलाही येत नाही. वाड्यातील सुखासनापेक्षा ही साधी खोली बरी, असे ती मनाशी म्हणते. कारण येथे ती कोणाची गुलाम नाही. याच सुमारास तो चुलता वारून त्याची २० हजार पौंडांची इस्टेट तिला मिळते, आणि ही रिव्हर्स भावंडे आपली आतेभावंडेच आहेत, हेही कळते. जेन त्या रकमेचे चार सारखे वाटे करते आणि तिघांना पाच-पाच हजार देते. स्वतःचे असावे म्हणून धडपडणारी मुलगी पैशाची लोभी नसते, हे लेखिकेने येथे किती सहज दाखविले आहे!

आणि आता दुसरा नकार. सेंट जॉन रिव्हर्स हा तिचा आतेभाऊ. सेंट जॉन हे त्याचे नावच आहे. वाचकांनी त्याला संत समजू नये! तो धर्मोपदेशक आहे, निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, आणि आपल्या हिंदुस्थानात मिशनरी म्हणून येण्याची त्याची तयारी चालू आहे. त्यासाठी तो जेनला हिंदुस्थानी भाषा शिकावयास लावतो आणि पत्नी म्हणून बरोबर चलण्यास सांगतो. तिच्यावर त्याचे प्रेम नाही. ते तो कबूलही करतो. तिच्या अंगी कष्टाची ताकद आहे, एवढेच त्याने हेरलेले आहे. जेन म्हणते, मी सहकारी म्हणून, बहीण म्हणून हिंदुस्थानात येईन. पत्नी म्हणून नाही. तेव्हा तो आपले शेवटचे शस्त्र काढतो: हा नकार मला नव्हे, देवाला आहे.

पहिल्या नकारापेक्षा हा दुसरा आम्हांस अधिक कठीण वाटतो. रॉचेस्टरांपाशी मोह होता, आणि मोहाला ओळखावयास आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. सेंट जॉनच्या तोंडी मात्र कर्तव्याची, त्यागाची आणि धर्माची भाषा आहे. चांगल्या मुलीने अशा भाषेपुढे मान तुकवावी, असेच कोणीही म्हणेल. जेनचीही मान एका क्षणी तुकू लागते. परंतु देवाची इच्छा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाची इच्छा, या दोहोंतील अंतर तिला वेळीच उमगते. प्रेमाशिवाय लग्न हाही एक अधर्मच, हे जाणून ती पुन्हा ‘नाही’ म्हणते. एकदा लग्नावाचून प्रेम तिने नाकारले. आता प्रेमावाचून लग्न नाकारले. या दोन नकारांच्या मधोमध तिचा ‘होय’ उभा आहे. वाडा जळून गेल्यावर, पहिली पत्नी त्या आगीत मृत्यू पावल्यावर, दृष्टी आणि एक हात गमावून बसलेल्या रॉचेस्टरांकडे ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या पैशांनी आणि स्वतःच्या मर्जीने परत जाते. ‘नाही’ म्हणण्याचे बळ जिच्यापाशी आहे, तिच्याच ‘होय’ला मोल असते.

हे सारे शार्लटने केवळ कल्पनेने रचलेले नव्हते. १८३९ साली तिच्या मैत्रिणीचा भाऊ हेन्री नसी, जो स्वतः धर्मगुरू होता, त्याने तिला मागणी घातली. घरी पैसा नव्हता आणि पुढे फक्त नोकरी दिसत होती. तरी आपल्या मनात त्याच्याविषयी पत्नीला साजेल असे प्रेम नाही, म्हणून तिने सौजन्याने नकार कळविला. सेंट जॉन हे पात्र काही अंशी त्याच्यावरूनच रेखाटले, असे मानतात. पुढे वडिलांचे सहायक आर्थर बेल निकल्स यांनी तिला मागणी घातली, तेव्हा वडील संतापले आणि प्रथम तिने त्यांच्या शब्दाला मान दिला. परंतु हळूहळू निकल्स यांची निष्ठा तिला पटली. तिने वडिलांचे मन वळविले आणि १८५४ च्या जून महिन्यात हा विवाह झाला. ती सुखी होती. पण ते सुख नऊच महिन्यांचे ठरले. १८५५ च्या ३१ मार्चला, गर्भारपणीच, तिचा अंत झाला.

तिच्या काळच्या इंग्लंडात लग्न होताच स्त्रीचा पैसा आणि तिची कमाई नवऱ्याची होत असे. हे बदलावयास १८७० चा आणि मुख्यतः १८८२ चा कायदा यावा लागला. म्हणूनच शार्लटने लग्नाआधी कायदेशीर करार करून आपल्या लेखणीची मिळकत विश्वस्ताच्या हाती राखून ठेवली होती. गोव्यातील वाचकांना याचे नवल वाटेल. कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे तेथे लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसला, तर पतिपत्नी मालमत्तेचे समाईक धनी मानले जातात. जेनच्या त्या एका पत्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिकच उमगते.

कादंबरीवर टीकाही झाली. १८४८ च्या डिसेंबरात ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात एलिझाबेथ रिग्बी या विदुषीने ती ख्रिस्ती वृत्तीच्या विरुद्ध ठरविली. आपल्या नशिबी आलेल्या स्थितीवर कुरकुर करणे म्हणजे देवावरच कुरकुर करणे, असा तिचा रोख होता. आज ती टीका वाचली, की सेंट जॉनचाच आवाज ऐकू आल्यासारखे वाटते. दुसरा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. माडीवर कोंडलेल्या त्या पहिल्या पत्नीची, बर्थाची, बाजू जेनच्या कथेत कोठेच येत नाही. ती किंचाळते, हसते, आग लावते. परंतु बोलत नाही. कॅरिबियन बेटांत जन्मलेल्या जीन ऱ्हीस या लेखिकेने १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी लिहून तिला वाचा दिली. एका स्त्रीच्या स्वाभिमानाची कथा वाचताना दुसरी एखादी स्त्री तिच्या सावलीत तर दडली नाही ना, हे पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी.

ही फक्त परक्या देशाची गोष्ट आहे, असेही कोणी समजू नये. ‘जेन एअर’नंतर दहाच वर्षांनी, १८५७ साली, मराठीत ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा; १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. मराठीतील या पहिल्या कादंबरीचा विषयही स्त्रीच, विधवांची दुर्दशा आणि त्यांचा माणूस म्हणून हक्क. एक पुस्तक यॉर्कशायरच्या माळावरून आले, दुसरे आपल्या मातीतून. परंतु स्त्रीचाही आत्मा आहे आणि त्याचा धनी दुसरा कोणी माणूस नव्हे, हे दोघांचेही म्हणणे.

आपल्या चर्चच्या विवाहविधीत धर्मगुरू वधूवरांना आधी विचारतात ते हेच, की तुम्ही कोणाच्या दडपणावाचून, स्वखुशीने आला आहात ना? १९८३ च्या धर्मसंहितेनुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, आणि जबरदस्तीने वा भयाने घडविलेला विवाह विवाहच ठरत नाही. वेदीपुढील तो प्रश्न म्हणजे केवळ एक रीत नव्हे. परंतु त्याचे उत्तर खरे असावे, तर तो आधी घरी विचारला गेला पाहिजे. स्थळ आले, घर चांगले, शेतीवाडी आहे, मुलगा परदेशी आहे, पाहुण्यांना शब्द दिला आहे. या साऱ्या गडबडीत मुलीला विचारणे राहून जाते, किंवा विचारले जाते ते ‘होय’ हेच उत्तर गृहीत धरून. ‘नाही’ म्हणण्याची मुभा नसलेल्या मुलीचा ‘होय’ हा होकार नव्हे, ती केवळ शरणागती होय.

म्हणून मातापित्यांना विनंती, की कन्येच्या हाती थोडे शिक्षण, थोडी स्वतःची कमाई आणि तिच्या हक्काचा वाटा असू द्या. त्याने ती उर्मट होईल हे भय बाळगू नका. जेनने आपली मिळकत वाटून टाकली आणि आंधळ्या नवऱ्याची दृष्टी झाली. आणि मुलींनो, तुम्ही ही कथा वाचाल तेव्हा रॉचेस्टरसारखा श्रीमंत वर कधी भेटेल, याची वाट पाहू नका. आपल्यालाही जेनसारखे दोन नकार देण्याची वेळ आली, तर आपण ते देऊ शकू का, एवढे मनाशी विचारून पाहा.